आटपाट नगरचा निवडलेला राजा

राजेशाही म्हटली की सामान्य वाचकाच्या मनात बापामागून गादीवर बसणारा मुलगा येतो, किंवा तलवारीच्या जोरावर दुसऱ्याची गादी घेणारा जेता येतो. परंतु राज्यशास्त्र या दोहोंखेरीज तिसरा एक प्रकार मानते आणि त्याला निर्वाचित राजेशाही असे नाव देते. या व्यवस्थेत राजा पूर्ण अर्थाने राजाच असतो, त्याला छत्रचामरे, अभिषेक आणि बहुधा आयुष्यभराची सत्ता मिळते, मात्र ती जन्माने न मिळता कोणीतरी केलेल्या निवडीने मिळते. ही निवड नेमकी कोणी करावी, हा या व्यवस्थेतील खरा प्रश्न असून तिच्याविषयीचे बहुतेक वाद त्याच्याभोवतीच फिरत आले आहेत. काल्पनिक राज्ये रचणाऱ्या लेखकांना हा प्रकार विशेष प्रिय आहे. १९९९ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील चित्रपटात नाबू नावाचा ग्रह आपली राणी निवडणुकीने ठरवतो आणि ती राणी अवघी चौदा वर्षांची असते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या २०१९ मधील अखेरच्या भागात उमराव एकत्र बसून राजा निवडतात, पण साऱ्या प्रजेला मत द्यावे असे सुचवणाऱ्याला हसण्यावारी नेतात. मराठी घरांत अशा राज्याची ओळख याहून फार जुनी आहे. श्रावणातल्या कहाण्यांमधील आटपाट नगर हे तसेच एक काल्पनिक राज्य असून त्या कहाण्यांपैकी एकीत गादीवर निवडलेला राजा बसतो.

आटपाट नगराला नकाशा नाही, शेजारी राज्ये नाहीत, राजांची वंशावळ नाही. तिथे एक राजा असतो, एक ब्राह्मण किंवा एक वाणी असतो, आवडती आणि नावडती राणी असते, दवंडी पिटली जाते, तलाव खणले जातात आणि देव भिकाऱ्याच्या वेषात दाराशी येतात. एवढ्या सामग्रीवर वाराच्या आणि व्रताच्या डझनावारी कहाण्या उभ्या राहिल्या आहेत. निवडलेल्या राजाची गोष्ट येते ती बुध-बृहस्पतीच्या कहाणीत, जी श्रावणातल्या बुधवारी आणि गुरुवारी सांगितली जाते. या दोन ग्रहदेवतांची चित्रे जिवतीच्या कागदावर असतात. देवघराजवळ लावल्या जाणाऱ्या या छापील कागदावर वरच्या भागात नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि तळाशी हत्तीवर बसलेला बुध व वाघावर बसलेला बृहस्पती दिसतात. पुण्यामुंबईकडे काय किंवा उमरखेडसारख्या वऱ्हाडातल्या गावांत काय, ज्या घरी जिवती पुजली जाते त्या घरी महिनाभर ही मंडळी भिंतीवरून पाहत असतात.

कहाणीचा रूढ पाठ थोडक्यात असा आहे. एका राजाला सात मुलगे आणि सात सुना असतात. मामा-भाचे म्हणून दोघे जण रोज भिक्षेला येतात आणि सुना त्यांना ‘आमचे हात रिकामे नाहीत’ असे सांगून परतवतात. कालांतराने त्या घराला दारिद्र्य येते, हात खरोखरच रिकामे होतात, आणि मामा-भाचे पुन्हा आल्यावर सगळ्यांत धाकटी सून त्यांच्या पाया पडून उपाय विचारते. ते तिला दर बुधवारी व गुरुवारी जेवू घालण्याचे व्रत सांगतात आणि ऐपत नसेल तर दोन बाहुली काढून त्यांची पूजा करण्यास सांगतात. पैसा हवा असेल तर ती पेटीवर काढावीत, धान्य हवे असेल तर कोठीवर, आणि गावाला गेलेले माणूस परत हवे असेल तर दाराच्या मागे. सुनेचा नवरा परदेशी गेलेला असल्यामुळे त्या घरात दारामागच्या बाहुल्यांना विशेष अर्थ असतो.

इकडे ज्या दूरच्या नगरात तो नवरा भटकत पोचलेला असतो, तिथला राजा निपुत्रिक वारतो. मग दरबार हत्तिणीच्या सोंडेत माळ देतो, तिला नगरभर हिंडवतो आणि ती ज्याच्या गळ्यात माळ घालील त्याला राज्याभिषेक करायचे ठरवतो. हत्तीण या परक्या, फाटक्या माणसाच्या गळ्यात माळ घालते. लोक त्याला हाकलून देतात आणि हत्तिणीला पुन्हा फिरवतात. ती पुन्हा त्यालाच माळ घालते, आणि अखेर त्याला गादीवर बसवावे लागते. नव्या राजाचे पहिले मोठे काम म्हणजे तलाव खणणे. त्या कामावर हजारो मजूर येतात, त्यांतच देशोधडीला लागलेली त्याची स्वतःची माणसे पोटासाठी येतात, आणि मजुरांच्या गर्दीत राजा आपल्या बायकोला ओळखतो. दुष्काळी कामावर राबलेल्या वऱ्हाड-मराठवाड्यातील पिढ्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागला नसेल.

या गोष्टीत राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हत्तीण नसून लोकांचा नकार आहे. निवड दैवी असेल तर ती एकदाच होऊन संपायला हवी. परंतु आटपाट नगरीचे लोक पहिला कौल मानत नाहीत, दुसऱ्यांदा घेतात, आणि तोच कौल पुन्हा आल्यावरच नमते घेतात. म्हणजे सुचवण्याचे काम हत्तिणीचे असले तरी मान्यता देण्याचे काम माणसांनी आपल्या हाती ठेवले आहे. मग सुचवण्याचे कामही माणसांनीच का करू नये, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही निपुत्रिक राज्याच्या इतिहासात सापडते. गादी रिकामी पडल्यावर प्रधानाचा एक उमेदवार असतो, सेनापतीचा दुसरा आणि राणीवशाचा तिसरा. त्यांतील कोणीही निवडला गेला तरी उरलेले दोन पक्ष शस्त्र उचलतात. हत्ती कोणाच्या पक्षाचा नसतो, तो गादीचा असतो. शिवाय अभिषेक करणाऱ्या गजलक्ष्मीच्या हत्तींमुळे राजपदाशी त्याचे नाते श्रोत्यांना ठाऊक होतेच, आणि संस्कृत वाङ्मयात राज्यलक्ष्मी ही राजाची पत्नी मानली गेल्यामुळे गळ्यात पडणारी माळ ही स्वयंवराची माळही ठरते. मात्र या हत्तिणीच्या मानेवर एक माहूत बसलेला असणारच आणि त्या माहुताला पगार कोणीतरी देत असणारच, याविषयी कहाणी मौन पाळते.

निर्जीव किंवा अजाण मध्यस्थाकडून निवड करवून पक्षापक्षांची भांडणे टाळण्याची ही युक्ती केवळ कथांपुरती नव्हती. तमिळनाडूतील उत्तिरमेरूर येथील चोल राजा परांतक याच्या काळातील, दहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्यांवर सभासद कसे नेमावेत याचे तपशीलवार नियम कोरलेले आहेत. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घटात टाकली जात आणि एका लहान मुलाकडून त्यांतील चिठ्ठी काढवली जाई. युरोपात व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२६८ पासून आपला प्रमुख, म्हणजे डोज, निवडण्यासाठी चिठ्ठ्या आणि मतदान यांच्या आळीपाळीने चालणाऱ्या इतक्या फेऱ्या ठरवल्या की कोणत्याही घराण्याला निकाल आधी ठरवता येऊ नये. तिथेही सोडतीचे गोळे एक लहान मुलगाच काढत असे. डोज आयुष्यभर पदावर राहत असल्यामुळे आणि त्याचा थाट राजाचाच असल्यामुळे तो निर्वाचित राजाच्या फार जवळ येतो. ही पद्धत १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत टिकली.

कहाणीतील हत्तिणीचे घराणे मात्र जैन कथावाङ्मयात शोधावे लागते. तिथे या विधीला पंचदिव्य म्हणतात. निपुत्रिक राजा वारला की मंत्री पाच राजचिन्हांची, म्हणजे हत्ती, घोडा, जलकलश, छत्र आणि चामरे यांची पूजा करून ती नगरात फिरवतात. योग्य पुरुष समोर येताच हत्ती गर्जना करतो, घोडा खिंकाळतो, कलश आपोआप त्याच्यावर पाणी ओततो, छत्र डोक्यावर उभे राहते आणि चामरे ढाळली जातात. उत्तराध्ययन सूत्रावरील टीकेत आलेल्या मूलदेवाच्या कथेत हा प्रसंग आहे, आणि ती कथा महाराष्ट्री प्राकृतात आहे; हे प्राकृत मराठीचे पूर्वज मानले जाते. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘परिशिष्टपर्व’ या ग्रंथात मगधाच्या पहिल्या नंद राजाची निवडही पंचदिव्यांनीच करवली आहे. म्हणजे बुध-बृहस्पतीच्या कहाणीत पाचांपैकी एकटी हत्तीण उरली आणि कलशाची जागा माळेने घेतली, असे म्हणता येते.

या परंपरेतील महाराष्ट्राशी थेट निगडित असलेला राजा म्हणजे करकंडू. चंपेच्या दधिवाहन राजाची गर्भवती राणी हत्तीने रानात पळवून नेली, तिचा मुलगा स्मशानात राहणाऱ्या चांडाळाच्या घरी वाढला, आणि पुढे एका परक्या नगराचा राजा निपुत्रिक वारल्यावर दैवी निवडीने तोच गादीवर बसला, अशी ही कथा आहे. श्वेतांबर परंपरेच्या पाठात त्याला घोडा निवडतो आणि तिथेही नकाराचा प्रसंग आहे : नगरातील ब्राह्मण चांडाळाच्या मुलाला राजा मानण्यास तयार होत नाहीत, तेव्हा त्याच्या हातातील काठी पेट घेते आणि विरोध मावळतो. मुनी कनकामर याने अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंश भाषेत, म्हणजे प्राकृत आणि आजच्या देशी भाषा यांच्या मधल्या टप्प्यावरील भाषेत, ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. त्यात हा राजा तेरापूरजवळ येतो, एक हत्ती वारुळावर पाणी आणि कमळे वाहताना पाहतो, वारूळ खणून पार्श्वनाथाची मूर्ती काढतो आणि तिथल्या डोंगरात लेणी करवतो. ही लेणी म्हणजे धाराशिवजवळची लेणी होत, असे प्रा. हीरालाल जैन यांनी दाखवले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने हे काव्य संपादित करून १९३४ मध्ये कारंजा येथील ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा लाड येथील जैन मंदिरांच्या भांडारांत जुन्या हस्तलिखितांचा मोठा साठा जपला गेला होता, आणि अपभ्रंश वाङ्मयातील अनेक ग्रंथ या वऱ्हाडी गावामुळेच अभ्यासकांच्या हाती आले.

या सर्व कथा शेजारीशेजारी ठेवल्या की त्यांतील एक छुपी अट लक्षात येते. बुध-बृहस्पतीच्या कहाणीतील भणंग परदेशी मुळात राजपुत्र आहे. करकंडू चांडाळाघरी वाढला तरी दधिवाहनाचा मुलगा आहे. मूलदेवही जुगारापायी घर सोडावे लागलेला राजपुत्र आहे. नगरातील लोकांना हे ठाऊक नसते, श्रोत्यांना असते. म्हणजे वरवर पाहता निवड झाली, वंश बाजूला पडला, गरीब माणूस राजा झाला. आत पाहिले तर हत्तीने रक्त ओळखले, इतकेच झाले. निर्वाचित राजेशाहीची गोष्ट सांगता सांगता कथाकारांनी वंशपरंपरा मागच्या दाराने परत आणली आहे. याला ठळक अपवाद एकच, तो म्हणजे नंद. हेमचंद्राच्या कथनानुसार तो न्हाव्यापासून गणिकेला झालेला मुलगा होता आणि त्याच्या मागे कोणतेही लपलेले राजकुळ नव्हते. म्हणूनच की काय, त्याला मान्यता मिळवून देताना कथेला सर्वांत भयंकर चमत्कार करावा लागला आहे : सामंत त्याची आज्ञा मानीनात, पहारेकरी जागचे हलेनात, तेव्हा दाराशी चितारलेले द्वारपाल जिवंत होऊन सामंतांवर तुटून पडले. निवड जितकी खरी, तितकी तिच्या अंमलबजावणीला जबरदस्ती अधिक लागते, असे या कथेवरून दिसते.

शिलालेख आणि ताम्रपट यांतही असे दावे आढळतात. गिरनारच्या पायथ्याशी जुनागढ येथे शक राजा रुद्रदामन याचा इ. स. १५० च्या सुमाराचा संस्कृत शिलालेख आहे. सर्व वर्णांनी आपल्याकडे येऊन रक्षणासाठी आपल्याला स्वामी म्हणून निवडले, असे तो त्यात सांगतो. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा जिंकले पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असेही तो सांगतो, त्यामुळे सातवाहनांच्या इतिहासात हा लेख नेहमी येतो. त्याच लेखात राजकन्यांच्या स्वयंवरांत आपल्याला अनेक माळा मिळाल्याची फुशारकी आहे, आणि प्रजेने निवडल्याचा दावाही बहुधा त्याच सुरात वाचायला हवा. कारण रुद्रदामन हा चष्टन या क्षत्रपाचा नातू होता व त्याच्यामागे त्याच्या वंशजांनीच राज्य केले. बंगालमधील पाल घराण्याचा संस्थापक गोपाल याची गोष्ट अधिक विश्वसनीय वाटते. त्याचा मुलगा धर्मपाल याच्या खालिमपूर ताम्रपटानुसार आठव्या शतकात माजलेला मात्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे तशी अराजकाची स्थिती, संपवण्यासाठी ‘प्रकृतीं’नी गोपालाकडून लक्ष्मीचा हात धरवला. इथेही राज्य म्हणजे लग्नच आहे. परंतु ‘प्रकृती’ म्हणजे प्रजा की अमात्य आणि सरदार, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. काशीप्रसाद जायसवाल यांनी १९२४ मधील ‘हिंदू पॉलिटी’ या ग्रंथात प्राचीन भारतातील निवडीच्या पुराव्याला मोठे वजन दिले होते. राष्ट्रीय चळवळीच्या त्या काळात भारतीयांना स्वराज्याची सवय पूर्वापार आहे असे दाखवण्याची गरज होती, हे ध्यानात घेऊनच त्यांचा आवेश तोलावा लागतो.

निवडणारे कोण, यावर व्यवस्थेचे आयुष्य कसे ठरते ते युरोपात स्पष्ट दिसते. पवित्र रोमन साम्राज्याने १३५६ च्या फर्मानाने सम्राट निवडण्याचा अधिकार सात जणांपुरता मर्यादित केला, आणि कालांतराने ती निवड जवळजवळ नेहमीच एका हाब्सबुर्ग घराण्याच्या पारड्यात पडू लागली. पोलंडने १५७३ पासून उलट टोक गाठले : वॉर्साजवळच्या मैदानावर हजारो सरदार जमून राजा निवडू लागले. पहिला निवडलेला फ्रेंच राजपुत्र दुसऱ्याच वर्षी फ्रान्सची गादी रिकामी झाल्याचे कळताच रातोरात पळून गेला, पुढच्या निवडणुकांत परकीय दरबारांचा पैसा खेळू लागला, आणि १७९५ पर्यंत शेजारच्या तीन सत्तांनी तो देशच वाटून घेतला. आजच्या मलेशियात नऊ संस्थानांचे शासक आपल्यातूनच पाच वर्षांसाठी एक राजा निवडतात आणि तो पाळीपाळीने फिरतो, त्यामुळे भांडण फारसे उरत नाही.

महाराष्ट्रात निवडलेल्या राजाचे सर्वांत ठळक उदाहरण बडोद्याच्या गादीवर बसले, पण ते घडले नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या गावात. १८७५ साली मल्हारराव गायकवाड यांच्यावर इंग्रज रेसिडेंटला विष घातल्याचा आरोप ठेवून चौकशी झाली. चौकशी मंडळाचे एकमत झाले नाही, तरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. गादीवर कोणाला बसवायचे याचा अधिकार इंग्रज सरकारने आपल्या संमतीच्या अटीवर दिवंगत खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दिला, आणि गायकवाडांच्या दूरच्या शाखेतील कवळाण्याची शेतकरी मुले बडोद्याला नेण्यात आली. कशासाठी आलात असे विचारल्यावर बाकीच्या मुलांनी काहीबाही उत्तरे दिली आणि गोपाळ नावाच्या मुलाने मात्र राज्य करायला आलो असे सांगितले, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, हत्तिणीची माळ ज्या गरजेतून निघाली त्याच गरजेतून ही आख्यायिका निघाली आहे, कारण निवड योग्यच होती याची खूण लोकांना हवी असते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला.

या निवडीत मतदार दोनच होते, एक राणी आणि एक साम्राज्य, आणि उमेदवार एका कुळापुरते मर्यादित होते. तरीही तिने दिलेला राजा वंशपरंपरेने येणाऱ्या बहुतेक राजांपेक्षा सरस निघाला हे नाकारता येत नाही. कारण शोधायचे तर ते बहुधा निवडीनंतरच्या काळात सापडते. अक्षरओळख नसलेल्या त्या मुलाला सहा वर्षे कसून शिकवण्यात आले, दिवाण टी. माधवराव यांनी तोवर कारभार सांभाळला, आणि १८८१ च्या अखेरीस पूर्ण अधिकार मिळालेल्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. आटपाट नगराच्या राजाला मात्र अभिषेकाच्या दुसऱ्याच दिवशी कारभार येतो, ही कहाणीकारांची सोय म्हणायची.

वंश आणि निवड यांची अशीच सरमिसळ उमरखेड-पुसद परिसरातील बंजारा तांड्यांत, म्हणजे या समाजाच्या स्वतंत्र वस्त्यांत, लहान प्रमाणावर पाहायला मिळते. तांड्याचा प्रमुख नाईक आणि त्याच्या जोडीचा कारभारी ही पदे बहुधा घराण्यात चालत आली, पण तांड्याची संमती हा त्यांचा आधार राहिला. बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या तांड्याला नालायक नाईक परवडण्यासारखा नव्हता, हे उघड आहे.

उमरखेडच्या स्वतःच्या वाट्याला तर याहून चमत्कारिक राजेशाही आली. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला, १९०२ मध्ये त्याचा सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून देण्यात आला आणि पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यावरचे निजामाचे सार्वभौमत्व संपले नव्हते. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारात ते नव्याने मान्य करण्यात आले, निजामाच्या पदवीत हैदराबादबरोबर वऱ्हाडाचेही नाव आले, त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणजे वऱ्हाडचा युवराज हा किताब मिळाला, आणि प्रांताचा गव्हर्नर नेमताना निजामाचा सल्ला घेण्याचे ठरले. त्या वेळी पुसद तालुक्यात असलेल्या उमरखेडला अशा रीतीने नावापुरता राजा मिळाला. त्यानंतर काही महिन्यांतच, १९३७ च्या आरंभी, प्रांतिक विधिमंडळाची निवडणूक झाली, तिच्यात काँग्रेसला बहुमत मिळाले आणि त्याच वर्षी नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. मताचा हक्क मालमत्ता आणि शिक्षण यांवर बेतलेला असल्यामुळे शेतमजूर व आदिवासी यांतील बहुतेक जण त्याबाहेरच राहिले. तरीही ज्यांच्या हातात कारभार होता ते निवडून आलेले होते आणि ज्याच्या नावाने मुलूख होता तो वंशपरंपरेचा होता. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने अशीच विभागणी आपखुशीने केली आणि सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपवली. वऱ्हाडात ती कोणाच्या औदार्याने झाली नव्हती. दोन सत्तांच्या जुन्या हिशेबातून ती आपोआप उरली होती.

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर, हदगाव भागात, तोच निजाम नावाचा नव्हे तर प्रत्यक्ष सत्ताधीश होता. नदीच्या एका काठावर त्याच्या पदवीचा मान ठेवून लोक आमदार निवडत होते आणि दुसऱ्या काठावर त्याचे अधिकारी सारा वसूल करत होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने दक्षिण तीरावरची सत्ता संपली, उत्तरेकडचे नावही त्याआधी स्वातंत्र्याबरोबरच अर्थहीन झाले होते, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दोन्ही काठांवरच्या प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळाले, मात्र वेगवेगळ्या विधानसभांसाठी : उमरखेड मध्य प्रदेश राज्यात होते आणि हदगाव हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ पासून दोन्ही भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आले. आज उमरखेड आणि हदगाव हे दोन वेगळ्या जिल्ह्यांतील विधानसभा मतदारसंघ असले, तरी लोकसभेला ते एकाच हिंगोली मतदारसंघात मोडतात आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे लोक एकाच खासदारासाठी मत देतात.